दुकानाचा गल्ला आणि घरचा डबा



वसंत व्याख्यानमालेत कराचा विषय म्हणजे लग्नाच्या पंक्तीत सावकाराने येऊन बसावे तसे आहे, हे मी जाणतो. तथापि या जिल्ह्याला कर परका नाही. मालगुजाराच्या वाड्यावर साऱ्याचा हप्ता पोचविणारी पिढी फार जुनी नव्हे. मालगुजारी १९५१ साली गेली. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. तलाव तेवढे मागे राहिले. आयकराचे घराणे निराळे. सत्तावनच्या उठावाने रिता झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली तो इथे आणला. विल्सनसाहेब त्याच वर्षी कलकत्त्यास वारले. कर मात्र चिरंजीव झाला! १९२२ चा कायदा गेला, त्याच्या जागी १९६१ चा आला, आणि त्याचीही जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ या तारखेपासून अंमलात आणण्याचा ठरला.

कायद्याची कलमे मी आज वाचणार नाही. आपल्याकडच्या लहान धंदेवाइकाचे खरे दुखणे कलमांच्या आधीचे आहे. दुकानाचा गल्ला आणि घरचा डबा एकच असतो. सकाळी भाजीचे पैसे गल्ल्यातून जातात, दुपारी मुलाची फी जाते, आणि संध्याकाळी शिल्लक पाहून मालक म्हणतो, ‘यंदा धंद्यात काही राहिले नाही.’ राहिले होते. पण ते घरात गेले. दोन खाती बँकेत वेगळी उघडावीत आणि महिन्याला ठराविक रक्कम घरासाठी उचलावी, इतके साधे काम आहे. ते केल्यावाचून कोणत्याही करसल्लागाराला तुमचा नफा सांगता येणार नाही.

तुमसरकडची एक ओळखीची स्थिती घ्या. घरी धानाची शेती आणि शिवाय भात सडण्याची लहान गिरणी. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून सगळा तांदूळ ‘शेतीचा’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह पडतो. हे चालत नाही. स्वतःचे धान गिरणीत घातले, तर त्या धानाची बाजारभावाने होणारी किंमत शेतीच्या बाजूला, आणि सडून तांदूळ विकण्यात जो नफा राहील तो धंद्याच्या बाजूला. म्हणून बाजार समितीतील त्या दिवसाच्या भावाचा कागद जपून ठेवावा. आणखी एक बारकावा आहे. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या पुढे गेले असेल, तर शेतीवर कर बसत नाही, पण इतर उत्पन्नाचा दर ठरविताना तिचा आकडा हिशेबात धरतात. डॉ. के. एन. राज समितीच्या शिफारशींमागून १९७३ साली हा नियम आला, आणि आजही पुष्कळांना तो ठाऊक नसतो.

लहान व्यापाऱ्यासाठी अंदाजित नफ्याची सवलत आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीचा भाग शेकडा ५ च्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर शेकडा ६ आणि रोखीवर शेकडा ८ नफा धरून विवरणपत्र भरता येते. मात्र हा कमीतकमी आकडा आहे. खरा नफा त्याहून अधिक असेल तर अधिकच दाखवावयाचा, हे वाक्य सोयीस्करपणे विसरले जाते. शिवाय २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर उरू दिला नाही. मग खरा नफा लपवून मिळवायचे काय? उलट बँकेत कर्ज मागायला गेलो की तोच तोकडा आकडा आपल्या आड येतो. या सवलतीतून पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षे परत आत येता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

जीएसटीतील कंपोझिशनविषयी भंडारेकरांनी विशेष सावध राहावे. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला वा कारखानदाराला शेकडा १ भरून सुटका मिळते, आणि कागदपत्रांचा त्रास वाचतो. परंतु आपला जिल्हा सीमेवरचा. बालाघाट, शिवनी हे आपले जुने गिऱ्हाईक, आणि कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल पाठविता येत नाही. बिलावर कर लावता येत नाही, खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, आणि त्याच्याकडून घेणाऱ्या ठोक व्यापाऱ्यालाही वजावट नाही. पितळी भांडी घडवून व्यापाऱ्यांना देणाऱ्याने शेकडा एकच्या स्वस्ताईला भुलण्यापूर्वी आपला गिऱ्हाईक कोण, हे वहीत पाहावे. किरकोळ दुकानदाराला ती योजना उत्तम आहे.

आता कारागिरांसाठी. आंधळगाव-मोहाडीचा कोसा विणणारा असो की इथला पितळेचा कारागीर, त्याचे भांडवल बहुधा व्यापाऱ्याच्या उधारीत अडकलेले असते. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. ती असलेल्या सूक्ष्म वा लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. त्यात २०२३ च्या अर्थसंकल्पाने भर घातली की, मुदत चुकविणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळेल. (अंदाजित नफ्याने भरणाऱ्याला हा चिमटा बसत नाही, आणि केवळ खरेदीविक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या संरक्षणाचा लाभ नाही.) काही ठिकाणी या भीतीने व्यापारी नोंदणी नसलेल्याकडून माल घेऊ लागतील, ही शंका रास्त आहे. तरीही कारागिराने बिलावर तारीख आणि उद्यम क्रमांक घालावा, माल पोचल्याची सही घ्यावी. तक्रार ऐकण्यासाठी परिषद आहे, पण तिच्यापुढे तोंडी उधारी उभी राहत नाही.

उरलेला वेळ आपल्या प्रश्नांसाठी ठेवतो. बिले बरोबर आणली असतील तर तीही दाखवा.