जनुन्याच्या तलावात उतरावे कोठे?

पोहण्याचे नाव निघताच खामगावकरांस जनुन्याचा तलाव आठवतो. परंतु इंग्रजी अमदानीत शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या जलाशयाचा प्रत्येक काठ पोहणाऱ्यास सारखाच अनुकूल असेल, असे मानणे धाडसाचे होय. बांधालगत पाणी सर्वांत खोल, कारण नाल्याचे मूळ पात्र तेथेच अडविलेले असते. शिवाय दगडांवर शेवाळ धरल्याने तेथे उतरणे सोपे आणि वर येणे महाकठीण. सांडवा वाहत असता तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही त्या बाजूस फिरकू नये. वरच्या अंगास उतार मंद खरा, पण वऱ्हाडची काळी माती वाहून येऊन जो गाळ बसतो त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून बांबूने तळ चाचपून, मुरमाड जमीन लागेल तेथेच, तेही नगरपरिषदेची मनाई नसल्याची खातरजमा करून, उतरावे. मूर्तिविसर्जनानंतर पाण्यात तारा व लाकडी सांगाडे राहतात, तेव्हा काही दिवस हौस आवरलेलीच बरी. याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा विचारच नको : ते पाणी तीव्र अल्कधर्मी, आणि २०२० पासून ते सरोवर रामसर यादीतील पाणथळ. नवशिक्याने पाठीस रिकामा, बंद डबा बांधावा आणि पोहणारा एक जाणता माणूस दोर घेऊन काठावर उभा ठेवावा.