सह्याद्रीची वाट आणि हक्काची रजा

(करी रोड येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



थंडी पडू लागली की करी रोडच्या चाळींतील तरुण मंडळी सह्याद्रीत पायी भटकण्याचे बेत आखू लागतात. गड कोणता, बूट कोणते, पाठीवरची पिशवी केवढी, यावर रात्र रात्र खल होतो. ज्या प्रश्नापासून आरंभ व्हावयास हवा, तो मात्र अगदी शेवटी निघतो : रजा कोणाला मिळेल आणि रोज कोणाचा बुडेल?

ज्या रविवारच्या भरवशावर हे बेत होतात, तो रविवार कोणी दान म्हणून दिलेला नाही. 24 एप्रिल 1890 रोजी येथून चालत जाण्याच्या अंतरावर, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभ्या केलेल्या चळवळीतील त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पगारी रजेसाठी आणखी अर्धशतक झगडावे लागले. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. 2020 साली संमत झालेल्या संहितेने ही अट 180 दिवसांवर आणली.

परंतु कायद्यातील हक्क आणि हातात पडणारी रजा यांत अंतर आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्या कामगाराचा नातू आज मनोऱ्याच्या दारावर कंत्राटी पहारा करतो, अथवा दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवितो. त्याच्या लेखी एक दिवसाची सुटी म्हणजे एक दिवसाचा उपास. निसर्गाची ओढ त्यालाही आहे. त्याच्यापाशी नाही तो वेळ.

डोंगरात फिरणे हा सुखवस्तूंचा षोक आहे, असे मानणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. 24 एप्रिल 1932 रोजी कापडगिरण्यांच्या मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार बेनी रॉथमन यांच्यासह किंडर स्काउट या डोंगरावर चढले. जमीनदारांनी तो माळ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. पुढे 1951 साली तोच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला.

तेव्हा बेत आखताना प्रथम एक यादी करावी. भरपगारी रजा कोणाला आहे आणि कोणाचा रोज बुडणार आहे, हे दोन रकान्यांत लिहावे. बुडणारा रोज मंडळाच्या वर्गणीतून भरून काढावा, अथवा सर्वांना जमेल असाच दिवस ठरवावा. ज्यांना रजा असूनही नाकारली जाते, त्यांचे अर्ज लेखी द्यावेत आणि त्यांची प्रत ठेवावी.

यानंतर वाटेचा विचार. नवख्यांसाठी राजमाची उत्तम. दादरहून लोणावळ्यास जावे. तेथून सुमारे पंधरा किलोमीटरची लांब परंतु सोपी वाट उधेवाडीस पोहोचते. बोरघाटावर नजर ठेवणारे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावेत आणि कोंढाण्याची बौद्ध लेणी पाहत कोंदिवड्यास उतरून कर्जतची गाडी धरावी. ही उतरण पावसाळ्यात निसरडी असते. तेव्हा आल्या वाटेनेच परतावे. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी आणि विजेरी असावी. चाल सर्वांत मंद चालणाऱ्याची धरावी, आणि अनुभवी माणूस सर्वांच्या मागे ठेवावा.

उधेवाडीत मुक्काम गावकऱ्यांच्या घरी करावा, जेवणाची वर्दी आधी द्यावी आणि ठरलेल्या पैशात घासाघीस करू नये. जो पाहुण्यांसाठी रात्री भाकरी थापतो, त्याचाही तो श्रमाचाच दिवस असतो. याच डोंगरांतून उतरून आलेल्या श्रमिकाला मुंबईने ‘घाटी’ म्हणून हिणवले. त्याच्या वंशजांनी तरी घाटावरच्या माणसाला नोकरासारखे वागवू नये, आणि आपला कचरा त्याच्या दारी टाकून येऊ नये.

अशा दोन दिवसांनी वेतन वाढत नाही, की घरभाडे कमी होत नाही. मात्र एकत्र चाललेली माणसे एकमेकांचे ओझे ओळखू लागतात. यादीतील दुसऱ्या रकान्यात किती नावे आहेत, हे एकदा सर्वांना दिसले की परत आल्यावर संघटनेच्या पहिल्याच बैठकीत पगारी रजेचा प्रश्न घेणे टाळता येणार नाही. ती बैठक कोणत्या तारखेस, हेही निघण्यापूर्वीच ठरवावे.