इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ आणि आपला विद्यार्थी



‘माझा भाऊ कालच आला आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. म्हणूनच मुलगा इंग्रजीत ‘माय ब्रदर हॅज कम यस्टर्डे’ असे लिहितो. नोकरीच्या आरंभी अशा वाक्यावर मी तांबडी रेघ ओढून मोकळा होत असे. कारण सांगत नसे. पुढील आठवड्यात त्याच वहीत तीच चूक पुन्हा दिसे. दोष मुलाचा नव्हता, माझा होता.

या काळाची रचना सोपी आहे. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ व एकवचनी नाम यांपुढे ‘हॅज’, इतरत्र ‘हॅव’, आणि त्यानंतर क्रियापदाचे तिसरे रूप: ‘शी हॅज गॉन’; ‘शी हॅज वेंट’ नव्हे.

अर्थाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. क्रिया पूर्वी घडली, परंतु तिचा संबंध आजशी उरला आहे, असे हा काळ सांगतो. ‘आय हॅव लॉस्ट माय पेन’ म्हणजे पेन अद्याप सापडलेले नाही. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा सरलेला समय आला की इंग्रजी साधा भूतकाळच मागते: ‘माय ब्रदर केम यस्टर्डे’. उलट, ‘मी ५ वर्षांपासून येथे राहतो’ येथे मराठीस वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे म्हणावे लागते.

तेव्हा दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. चूक खोडण्यापूर्वी ती कोठून आली, हे मुलास दाखवावे. आपण मंद नसून आपल्या भाषेच्या वाटेने चाललो होतो, हे त्यास कळले म्हणजे नवी वाट तो निर्भयपणे धरील.