वडीलधाऱ्यांची घरची शुश्रूषा
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात झालेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी आनंदाचे चार शब्द बोलावेत, अशी रीत आहे. मी मात्र आज, आपल्यापैकी बहुतेक घरांत एका कोपऱ्यात असलेल्या पलंगाविषयी बोलणार आहे. त्या पलंगावर कुणाचे सासरे असतात, कुणाची आई असते.

आपल्या वडाळ्यात विठ्ठलाचे देऊळ आहे. आषाढीला कात्रक रोडवर दर्शनाची केवढी रांग लागते! आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर थांबायला लावले, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण तो सेवा करणारा पुंडलिक मुलगा होता, सून नव्हे, हे आपल्या ध्यानात येत नाही. आपल्या घरांत पुंडलिकाचे काम बहुधा एकट्या सुनेच्या वाट्याला येते, आणि तिची पाठ मोडेपर्यंत त्याची दखल कुणी घेत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध, निराधार आईबापांच्या पोषणाचा भार मुलगा आणि मुलगी अशा दोघांवर ठेवला. 1987 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कमावत्या विवाहित मुलीवरही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते. त्यानंतर 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे येतात. सांभाळ करीन या अटीवर जागा नावावर करून घेतली आणि मग सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द करण्याची सोयही त्यात आहे. म्हणून जागा नावावर करून देताना ती अट कागदावर लिहून घ्यावी, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना अवश्य सांगा. अडचणीत सल्ला हवा असल्यास ज्येष्ठांसाठी 14567 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

परंतु भगिनींनो, कायदा पोटापुरते पैसे मिळवून देईल. कूस बदलायला हात देणार नाही. ते काम घरातच व्हायचे.

त्यासाठी काही गोष्टी सर्वांना ठाऊक हव्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडे रोज न्याहाळावीत. कातडी लाल झाली आणि दाबूनही ती लाली जाईना, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. तिथे चोळू नये, भार काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. जेवण वा पाणी कधीही आडवे ठेवून देऊ नये. उशीला टेकवून नीट बसवावे, लहान घास द्यावेत, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. माणूस उचलताना कमरेतून वाकू नये. अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी ती दोन्हीकडून धरली म्हणजे पाठ वाचते.

जे हिंडतेफिरते आहेत त्यांना जपायचे ते पडण्यापासून. मोरीत ओल राहू देऊ नये, भिंतीला धरायला दांडी बसवावी, रात्री बारीक दिवा ठेवावा. सैल सपाता आणि दारातले गुंडाळणारे पायपुसणे, हे दोन्ही घरातले शत्रूच होत. औषधांची यादी एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावावी, म्हणजे ऐन वेळी शेजारीणसुद्धा डॉक्टरांना ती दाखवू शकते.

ज्यांना परवडते ते दिवसपाळीला मावशी ठेवतात. तिला कामे आधीच नीट सांगावीत, वेळेवर जेवू द्यावे आणि आठवड्याची सुटी द्यावी. आपल्या आईला न्हाऊ घालणाऱ्या हाताला मान दिला नाही, तर तो हात मायेने फिरेल तरी कसा?

आणखी एक. म्हातारे माणूस म्हणजे केवळ औषधाच्या वेळा नव्हेत. आज भाजी कोणती करू, एवढे त्यांना विचारले तरी घरात आपली गरज आहे, असे त्यांना वाटते. उद्वाहक नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी माणसे महिनोन् महिने रस्ता पाहत नाहीत. दोघा तरुणांनी खुर्चीत बसवून खाली आणले, तर पाच उद्यानांची हवा काही लांब नाही.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची आणि चालण्याचा आधार, एवढ्या वस्तू मंडळाने वर्गणीतून घ्याव्यात आणि गरजूंना पाळीने द्याव्यात. दुसरी, सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार सुटी मिळावी, यासाठी आपण पाळ्या लावाव्यात. तेवढे तीन तास शेजारणीने पलंगाजवळ बसावे, आणि त्या बाईने खुशाल झोपावे, बाजारात जावे, नाहीतर भजनाला यावे.

तिसरी सूचना घरी जाऊन करायची आहे. रात्रीची एक पाळी नवऱ्याकडे आणि रविवार नणंदेकडे किंवा दिराकडे, अशी वाटणी आजच मागा. मागताना संकोच करू नका. आईवडील सर्वांचे आहेत, तेव्हा सेवाही सर्वांचीच.