पाखरांसाठी नाशपाती नको, जांभूळ लावा
(पालेगाव येथील शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बांधावर पाखरांसाठी चार फळझाडे लावायची तर नाशपाती चालेल का, असे हल्ली पुष्कळजण विचारतात. रोपवाटिकेत कलम मिळते, चित्रातले फळही मोहक दिसते. पण नाशपातीच्या डोळ्यांना फुटण्यासाठी हिवाळ्यात कित्येक तास 7 अंश सेल्सिअसखालची थंडी लागते. तुमच्याकडे पौषातली पहाटसुद्धा इतकी उतरत नाही. मग झाड जगते, पाने अवेळी फुटतात, फुले जेमतेम येतात आणि बहुतेक जातींना फळ धरायला शेजारी दुसरी जात लागते ती वेगळीच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या उष्ण राज्यांत हरणांसाठी नाशपाती लावतात खरे, पंजाबात 'पत्थरनाख' जातही चांगली येते. पण तिथे हिवाळा हिवाळ्यासारखा असतो. तेव्हा या झाडावर पैसे घालवू नका.

आपल्या दारातच त्याहून सरस झाड आहे. शेजारच्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हलक्या मुरमाड वरकस जमिनीत, भरपूर पावसात हे झाड बिनतक्रार वाढते. मार्च-एप्रिलमध्ये फुलांवर मधमाश्या येतात. मेअखेर फळ पिकू लागले की दिवसा कोकीळ, बुलबुल, हळद्या आणि रात्री वटवाघळे हजर होतात. हीच मंडळी बिया दूरवर टाकतात. गावाभोवती इमारती उभ्या राहत असताना या पाखरांना उतरायला जागा उरली आहे ती तुमच्या बांधावरच.

"मग आम्ही काय विकायचे?" हा प्रश्न रास्त आहे. जांभूळ तोडल्यावर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही आणि मृगाचा पाऊस झोडपू लागला की फळ फुटते, बाजारात कोणी घेत नाही. शिवाय जांभळाची फांदी ठिसूळ असते. शेंड्यावरच्या चार टोपल्यांसाठी चढून माणूस पडला, तर दवाखान्याचा खर्च झाडाच्या सगळ्या हंगामातून निघत नाही. म्हणून खालचे, हाताला व आकडीला येणारे फळ तुमचे. शेंड्याचे आणि पावसानंतरचे पाखरांचे. माझ्या मते यात तुमचे नुकसान नाही. झाडावर नायलॉनची जाळी मात्र टाकू नका, तिच्यात पाखरे अडकून मरतात. पाखरा-वटवाघळांनी कुरतडलेले फळ मुलांना खाऊ देऊ नका. चांगले फळही धुऊनच खावे.

जागा निवडताना सावलीचा विचार करा. भातानंतर तुम्ही वाल घेता. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून झाड खाचराच्या उत्तरेकडच्या बांधावर असले तर सावली पिकावर न पडता बाहेर पडते. दोन झाडांत 10 मीटर अंतर ठेवा.

एकट्या जांभळाने वर्षभर भागणार नाही. शिशिरात पाने झडलेली असताना पांगारा आणि काटेसावर फुलतात, तेव्हा मध खाणाऱ्या पाखरांची सोय होते. उंबर वर्षातून अनेकदा फळतो. आपला राज्यपक्षी हरियाल त्यावर हमखास येतो. मात्र खाली पडलेल्या उंबरांच्या वासाने रानडुकरेही येतात. म्हणून उंबर भाताजवळ नको, दूर ओढ्याकाठी असू द्या. कुंपणाला करवंदाची जाळी लावा. काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, लहान पाखरांना घरट्याला आडोसा मिळतो आणि करवंदेही विकता येतात.

लवकर उत्पन्न हवे असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण बहाडोली' जातीची कलमे घ्या. ती साधारण चार-पाच वर्षांत फळतात. बियांच्या झाडाला आठ-दहा वर्षे लागतात, पण पाखरांसाठी तेच पुरे, आणि खर्च जवळजवळ शून्य. एक काळजी घ्या: जांभळाचे बी साठवून ठेवता येत नाही, पंधरवड्यात त्याची उगवण फार घटते. फळ खाल्ल्यावर बी धुऊन लगेच पिशवीत पेरा. एका बीतून दोन-तीन अंकुर आले तर घाबरू नका, जांभळाची ती रीतच आहे. जोमदार ठेवा, बाकीचे काढा. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप खड्ड्यात लावा आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक-दोन घागरी पाणी घाला.