अक्षराआधी ध्वनी



एखादे मूल मोठे चुणचुणीत असते. एकदा ऐकलेली गोष्ट ते जशीच्या तशी सांगते, तोंडी हिशेब चटकन करते. मात्र पुस्तक उघडले की तेच मूल अडखळते, ओळ गाळते, ‘घर’ ऐवजी ‘धर’ वाचते आणि अखेर पोट दुखत असल्याची सबब सांगून पुस्तक मिटते. अशा मुलाच्या वाट्याला आळशी, हट्टी, ‘ढ’ अशी विशेषणे येतात. पुष्कळदा त्यांतले एकही खरे नसते. त्या मुलाची अडचण डिस्लेक्सिया, म्हणजेच वाचन-अक्षमता, ही असू शकते.

हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये योजला. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. बुद्धी तल्लख, दृष्टी निर्दोष. पण स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्या हातून अक्षरांची उलटापालट होई. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

मग अडते कोठे? बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते; वाचन मात्र शिकवावे लागते. कानावर पडणाऱ्या शब्दाचे ध्वनी सुटे करणे आणि प्रत्येक ध्वनीची त्याच्या चिन्हाशी गाठ घालणे, हे वाचनाचे मर्म आहे. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची ही गाठ सहजी बसत नाही. म्हणूनच केवळ ‘पुन्हा वाच, आणखी वाच’ असे दरडावून काही साधत नाही.

अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर जी वाट दाखवली, तिचे सूत्र सोपे आहे : डोळा, कान, जिव्हा आणि हात यांना एकाच वेळी कामाला लावावे, सोप्याकडून कठिणाकडे क्रमाने जावे, पहिले पक्के झाल्याविना दुसरे घेऊ नये.

मराठी घरात या सूत्राची साधने हाताशीच आहेत. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. आरशासमोर बसवून मुलाला दाखवावे, की ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते. पाटी हाती देण्यापूर्वी ध्वनींचे खेळ खेळावेत : ‘कमळ’ शब्दाला तीन टाळ्या वाजवाव्यात, त्यातला ‘क’ काढला तर काय उरते, ते विचारावे. मग जुन्या धूळपाटीची आठवण ठेवून ताटात रेती पसरावी आणि ध्वनी मोठ्याने उच्चारत अक्षर बोटाने गिरवू द्यावे.

देवनागरीचे कठीण घाटही ओळखून ठेवले पाहिजेत. ‘ग म भ न’ हा क्रम आकारसाम्यामुळे लेखनाच्या सरावाला सोयीचा; पण या मुलाला म आणि भ, घ आणि ध, ब आणि व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. ‘दिवस’ मधली पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. ‘र’ तर बहुरूपी : ‘सूर्य’ मध्ये डोक्यावर, ‘चक्र’ मध्ये पायाशी, ‘तऱ्हा’ मध्ये आणखी निराळा. आपल्याला सवयीने न जाणवणारी ही वळणे त्या मुलाला एकेक करून, सावकाश ओलांडू द्यावीत. रोजची वीस मिनिटे पुरेत. रविवारचे तीन तास नकोत. आणि साऱ्या वर्गापुढे त्याला उभे करून वाचायला लावणे तर कटाक्षाने टाळावे.

डोळे व कान आधी तपासून घ्यावेत, मग तज्ज्ञांकडून चाचणी करावी. प्रमाणपत्राची वाट पाहत शिकवणे मात्र थांबवू नये. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ दिव्यांगत्वांमध्ये केला. जादा वेळ वा लेखनिक हा मुलाचा हक्क आहे. तो मागण्यात कसलाही कमीपणा नाही. परंतु सवलतीने परीक्षा पार पडते, वाचन येत नाही. वाचन शिकवावेच लागते.

२००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने घराघरांतील डोळे पाणावले. त्या अश्रूंना रोजच्या वीस मिनिटांची जोड मिळाली पाहिजे. वर्गातील शेवटच्या बाकावर पुस्तकाआड तोंड लपवून बसलेल्या मुलाला दयेची गरज नाही. त्याला हवा आहे तो ध्वनीपासून अक्षरापर्यंत, अक्षरापासून शब्दापर्यंत त्याच्या पावलाने चालणारा एक शिक्षक आणि तोवर धीर न सोडणारे एक घर.