मुलांच्या शेजारी बसू या
(चित्रकला कार्यक्रमाच्या प्रारंभी केलेले भाषण)



आज बडा फुहाऱ्यावर मुले आणि मोठे चित्रकार एकाच सतरंजीवर बसून यंत्रमानव काढणार आहेत. 'रोबो' हा शब्द चित्रकार योसेफ चापेक यांनी भाऊ कारेल यांना १९२० च्या नाटकासाठी सुचवला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ! म्हणून मोठ्यांना विनंती, मुलांच्या रेषा वेठीला धरू नका. कुणी तीन हात काढले तर खोडरबर उचलू नका. तिसरा कशासाठी, ते विचारा.

आपल्या जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांनी गुरू नंदलाल बोस यांच्यासोबत राज्यघटनेची पाने सजवली. उद्देशिकेच्या पानावर सही आहे ती शिष्याची, 'राम'.

गणपती बाप्पा मोरया!